'विअर्ड' या शब्दाचे मूळ आणि त्याचा आजचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे : इंग्रजीतील 'विअर्ड' हा शब्द आता मराठी बोलण्यातही 'जरा विअर्डच वाटतंय' अशा थाटात सर्रास ऐकू येतो. त्याचा मूळ अर्थ 'दैव' असा होता म्हणतात, ते खरे आहे का? त्याचा संबंध संस्कृत 'वृत्' धातूशी जोडतात, तो कितपत ग्राह्य धरावा? दैवाचा वाचक असलेला शब्द 'विचित्र, मनाला अस्वस्थ करणारे' या अर्थाला कसा पोहोचला? आणि त्याला मराठीत काय म्हणावे? इंग्रजी साहित्याचे भाषांतर आणि व्युत्पत्तीचे अध्यापन ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्या निमित्ताने हा शब्द वारंवार समोर आला आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र सहसा सांगितले जाते त्याहून वेगळे आहे, म्हणून माझा अधिक भर तिथे राहील.

सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ज्याला 'जुनी इंग्रजी' म्हणतात त्या भाषेत 'व्युर्द' असा एक स्त्रीलिंगी नामशब्द होता. (त्यातील स्वर 'इ' आणि 'उ' यांच्या मधला असल्याने नागरीत तो नेमका उतरत नाही.) हे नाम 'वेओर्थन' या क्रियापदाच्या कुळातले असून त्या क्रियापदाचा अर्थ 'होणे, घडणे' असा होता. आजच्या जर्मनमधील 'व्हेर्डेन' हे त्याचेच भावंड. तेव्हा 'व्युर्द' म्हणजे प्रथमतः 'जे घडते ते', 'जे घडून आले ते'. आणि त्यातूनच 'जे घडणार आहे, ज्याला उपाय नाही ते', म्हणजे दैव. यांतला पहिला, साधा अर्थ लोक विसरतात. जुन्या इंग्रजीत इतिहासकाराला 'व्युर्द-लेखक' अशा अर्थाचा एक जोडशब्द होता आणि तिथे दैवाचा काही संबंध नव्हता. घडलेल्या गोष्टी लिहून ठेवणारा तो व्युर्द-लेखक. आपल्याकडे 'वृत्त' या शब्दाने नेमके हेच काम केले आहे : जे घडले ते वृत्त, त्याची हकिगत तो वृत्तान्त आणि ती छापणारे ते वृत्तपत्र.

हे साम्य योगायोगाचे नाही. 'वेओर्थन' आणि संस्कृत 'वर्तते' ही दोन्ही रूपे एकाच इंडो-युरोपीय धातूपासून आलेली आहेत. त्या धातूचा अर्थ 'वळणे, फिरणे' असा होता आणि लॅटिनमधील 'व्हेर्तेरे' हे क्रियापदही त्याच धातूचे. वर्तुळ, आवर्त, परिवर्तन, निवृत्ती हे आपले तत्सम शब्द त्या धातूचे आहेत हे सहज दिसते. पण समईतली 'वात' ही संस्कृत 'वर्ति'पासून आणि आपण चालतो ती 'वाट' ही 'वर्त्मन्'पासून आलेली आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. 'वळणे'पासून 'घडणे' हा अर्थ संस्कृतातही झाला आणि जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळातल्या) भाषांतही झाला. 'दैव' हा पुढचा टप्पा मात्र फक्त जर्मानिक बाजूचा आहे. म्हणून 'विअर्ड म्हणजे आपली वृत्तीच' अशी जी समीकरणे अधूनमधून वाचायला मिळतात, ती टाळावीत. धातू एक आहे, घडण आणि अर्थाचा प्रवास वेगवेगळा आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण वेदाध्ययनाची परंपरा ज्या घरांत टिकून आहे तेथील वाचकांना त्यात रस वाटेल. 'वेओर्थन' या क्रियापदात 'थ' आहे, मग 'व्युर्द' या नामात 'द' कुठून आला? याच क्रियापदाच्या भूतकाळातही एकवचनी रूपात 'थ' आणि अनेकवचनी 'वुर्दोन' या रूपात 'द' दिसतो. जेकब ग्रिम यांनी 1822 मध्ये जर्मानिक व्यंजनांच्या परिवर्तनाचे नियम मांडले, तरी असे अपवाद सुटत नव्हते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी 1870 च्या दशकात त्याचे उत्तर दिले आणि ते त्यांना वैदिक स्वरांत सापडले. संस्कृतात 'ववर्त' या एकवचनी रूपात उदात्त, म्हणजे उंच स्वर, धातूवर असतो, तर 'ववृतिम' या अनेकवचनी रूपात तो प्रत्ययावर सरकतो; आणि जिथे प्राचीन काळी उदात्त धातूच्या पुढे गेलेला होता, नेमक्या तिथेच जर्मानिकमध्ये 'थ'चा 'द' झालेला आहे. जर्मानिक भाषांत तो मूळचा स्वराघात पुढे पहिल्या अक्षरावर येऊन पुसला गेला, व्यंजनावर त्याची खूण तेवढी राहिली. 'विअर्ड'च्या शेवटचा 'ड' ही तीच खूण आहे, आणि ती वाचता आली ती पाठांतराने जपलेल्या उदात्त-अनुदात्तांमुळे.

आता दैवाकडे. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याची एकच हस्तलिखित प्रत उपलब्ध असून ती साधारण इसवी सन 1000 च्या आसपासची आहे. त्यात नायक राक्षसाशी झुंजायला निघण्यापूर्वी 'व्युर्द तिला जसे जायचे तसेच जाते' या आशयाचे वाक्य बोलतो, आणि पुढे दुसऱ्या एका ठिकाणी म्हणतो की ज्याचा मृत्यू ठरलेला नाही अशा वीराला, त्याचे धैर्य टिकून असेल तर, व्युर्द पुष्कळदा वाचवते. राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या भाषांतरात हीच व्युर्द ईश्वरी योजनेच्या हाताखालची म्हणून समजावून दिलेली आहे. तेव्हा शब्दाला गांभीर्य होते. पण भीतीची शिरशिरी, विचित्रपणा, 'हे काहीतरी निराळेच आहे' असा भाव यांचा त्यात मागमूस नव्हता. जे सर्वांच्या वाट्याला येते, त्याला विचित्र कोण म्हणणार?

'व्युर्द ही अँग्लो-सॅक्सन लोकांची देवी होती' असे विधानही सर्रास केले जाते. आठव्या शतकाच्या सुमाराच्या शब्दसंग्रहांत लॅटिन 'पार्काए', म्हणजे आयुष्याचा धागा कातणाऱ्या तीन रोमन दैवदेवता, यांना प्रतिशब्द म्हणून 'व्युर्दे' हे अनेकवचन दिलेले आहे, हे खरे. परंतु तो भाषांतरकाराने परकीय पुराणकथेसाठी निवडलेला शब्द आहे; त्यावरून इंग्लंडात अशा देवतेची पूजा होत होती असा निष्कर्ष काढता येत नाही. स्कँडिनेव्हियात मात्र पुरावा अधिक बोलका आहे. तिथल्या तीन नॉर्न, म्हणजे दैव ठरवणाऱ्या, स्त्रियांची नावे उर्द, व्हेरदांदी आणि स्कुल्द अशी आहेत. 'उर्द' हे 'व्युर्द'चेच नॉर्स रूप. 'व्हेरदांदी' हे 'होणे' या क्रियापदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे, आणि आपला 'वर्तमान' हा शब्दही 'वृत्'चे वर्तमानकालवाचक धातुसाधितच आहे. धातू तोच, व्याकरणातली जागाही तीच. तिसरी 'स्कुल्द' ही 'देणे असणे, करणे भाग असणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूची आहे. या तिघींना भूत, वर्तमान आणि भविष्य अशी सुबक वाटणी करून देतात, ती मला उत्तरकालीन पंडितांची हौस वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे समजायला फार लांब जावे लागत नाही, कारण सटवाई आपल्या ओळखीची आहे. मूल जन्मल्यानंतरच्या सहाव्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, या समजुतीने कोरा कागद आणि लेखणी पूजेत ठेवण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. तिचे नाव 'षष्ठी'वरून आले आहे. म्हणजे त्या शब्दाच्या मुळात ना दैव आहे ना भय, आहे तो फक्त सहावा दिवस. आणि तरी त्याच नावाचे 'सटवी' हे रूप मराठीत बाईला द्यायची शिवी होऊन बसले आहे. ही घसरण मुळातल्या अर्थाने घडवलेली नाही. त्या देवतेविषयी लोकांच्या मनात जे चित्र होते, बाळाला धरणारी, कोपणारी, मर्जी सांभाळावी लागणारी बाई असे, त्या चित्राने ती घडवली. 'विअर्ड'च्या बाबतीतही शब्दाला चित्रानेच ओढून नेले, असे माझे म्हणणे आहे, आणि ते चित्र कोणते हे नेमके दाखवता येते.

नॉर्मन विजयानंतर दक्षिण इंग्लंडात फ्रेंच आणि लॅटिनमधून 'फेट', 'डेस्टिनी', 'फॉर्च्यून' हे शब्द आले आणि देशी शब्द मागे पडू लागला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर तो वापरतो खरा. पण एके ठिकाणी 'विर्ड्स, ज्यांना आपण डेस्टिनी म्हणतो' अशा अर्थाची पुस्ती त्याला जोडावी लागते. जो शब्द सर्वांच्या तोंडी आहे, त्याला कवी अशी पुस्ती जोडत नाही. उत्तरेत, स्कॉटलंडात, मात्र शब्द जिवंत होता. 'आपले विअर्ड भोगणे', म्हणजे कपाळी आले ते सोसणे, हा तिथला वाक्प्रचार होता. आजचे 'इ-आय' असे स्वर असलेले स्पेलिंगही त्याच प्रदेशातले आहे, आणि शाळेत घोकलेला 'आधी आय मग ई' हा नियम या शब्दाला लागू पडत नाही.

त्याच स्कॉटलंडात मॅकबेथ नावाचा राजा खरोखर होऊन गेला. 1040 ते 1057 ही त्याची कारकीर्द. त्याच्याविषयी पुढे दंतकथा साचत गेल्या. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील अँड्र्यू ऑफ विन्टन यांच्या पद्य बखरीत मॅकबेथला स्वप्नात तीन स्त्रिया दिसतात आणि तो त्यांना 'विअर्ड सिस्टर्स' समजतो. 1513 मध्ये गॅव्हिन डग्लस यांनी व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट्स भाषांतर पूर्ण केले. त्यातही रोमन दैवदेवतांसाठी हाच जोडशब्द आहे. म्हणजे तो स्कॉट्समधला ठरीव शब्द होता आणि त्यातले 'विअर्ड' हे विशेषण नव्हतेच. 'दैव-भगिनी' या समासात 'दैव' जसे नाम आहे तसेच ते नाम होते. पुढे हॉलिन्शेड यांच्या इतिहासात (1577, दुसरी आवृत्ती 1587) ही कथा इंग्रजीत आली आणि तिथे पुन्हा खुलासा करावा लागला : या स्त्रिया म्हणजे विअर्ड सिस्टर्स, अर्थात दैवाच्या देवता, असाव्यात किंवा कोणी पऱ्या असाव्यात, असा लोकांचा समज होता.

शेक्सपिअरने हॉलिन्शेडमधून कथा घेतली आणि 1606 च्या सुमारास नाटक लिहिले. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा स्कॉटलंडहून आलेला राजा जेम्स होता, ज्याने स्वतः 1597 मध्ये चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला होता. शेक्सपिअरने नाव दैवदेवतांचे ठेवले आणि शरीर चेटकिणींचे दिले. सुरकुतलेल्या, चमत्कारिक वेशातल्या, स्त्रिया म्हणाव्यात तर दाढ्या असलेल्या. मॅकबेथचा सहकारी सरदार बँको त्यांना पाहून म्हणतो की या पृथ्वीवरच्या रहिवाशांसारख्या दिसत नाहीत, आणि तरी पृथ्वीवरच उभ्या आहेत. मनाला अस्वस्थ करणाऱ्या परकेपणाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. पात्रे मात्र त्यांना चेटकीण म्हणत नाहीत. रंगसूचनांत आणि संवादांच्या डाव्या बाजूला 'विच' असे छापलेले असते. संवादात त्यांना उद्देशून तो शब्द एकदाच येतो, तोही एका खलाशाच्या बायकोने उच्चारलेला म्हणून. मॅकबेथ, त्याची पत्नी आणि बँको यांच्या तोंडी असते ते 'विअर्ड सिस्टर्स'च.

आणि लंडनच्या छापखान्याला तो शब्द कळलाच नव्हता, असे दिसते. 1623 च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, 'विअर्ड' असे स्पेलिंग एकदाही नाही; 'वेवर्ड', 'वेयर्ड' अशी रूपे आहेत. त्यांतले पहिले रूप 'हट्टी, स्वैर' या अर्थाच्या शब्दासारखे दिसते, त्यामुळे शंभर वर्षे बहुतेकांनी तसेच वाचले असणार. 1733 मध्ये ल्युइस थिओबाल्ड यांनी आपल्या आवृत्तीत हॉलिन्शेडचा आधार घेऊन 'विअर्ड' हे रूप पुन्हा स्थापित केले. संपादकाची ही दुरुस्ती रास्त होती, पण तिचा परिणाम त्याच्या हातात नव्हता. इंग्लंडातल्या सुशिक्षित वाचकासमोर आता एक शब्द आला, जो त्याने दुसरीकडे कुठेही ऐकला नव्हता, जो व्याकरणाने विशेषणाच्या जागी बसलेला होता आणि ज्याच्या शेजारी दाढीवाल्या, हवेत विरून जाणाऱ्या तीन बायका उभ्या होत्या. त्याने काय अर्थ काढावा? 'त्यांच्यासारखे' हाच.

याचे फळ रोमँटिक कवींत दिसते. 1816 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेलीच्या दीर्घकवितेत रात्र आपल्याच निःशब्दतेचा 'विअर्ड' नाद करते. 1820 मध्ये कीट्सकडे 'विअर्ड' अर्क येतात. तिथे दैव कुठेच नाही, आहे तो केवळ अलौकिकाचा स्पर्श. त्यानंतरच्या शतकात शब्द झपाट्याने स्वस्त झाला. 1923 मध्ये अमेरिकेत भयकथांच्या मासिकाने तो आपल्या नावात घेतला आणि पुढच्या पिढ्यांत शेजाऱ्याच्या सवयी, डब्यातली भाजी, फोनवरचा मजकूर असे काहीही 'विअर्ड' होऊ लागले. तेव्हा 'दैव अगम्य असते, म्हणून दैवाचा शब्द हळूहळू विचित्राला लागला' हे जे गोड स्पष्टीकरण दिले जाते, त्याला मी फारसे महत्त्व देत नाही. तसे असते तर आपल्या 'दैव', 'प्राक्तन', 'विधिलिखित' यांचेही तेच झाले असते. इंग्लंडात शब्दाचा अर्थ सरकला नाही. शब्द जवळजवळ मेला आणि एका नाटकातून नव्या अर्थाने उठला. 'विअर्डचा खरा अर्थ दैव घडवण्याची शक्ती असलेला' हे समाजमाध्यमांवर फिरणारे वाक्यही त्यामुळेच अर्धवट आहे, कारण तो अर्थ फक्त त्या बहिणींच्या संदर्भात चिकटलेला आहे.

शेजारच्या शब्दांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'अनकॅनी' हा शब्द स्कॉट्समधून आलेला आहे : 'कॅनी' म्हणजे जाणता, सावध, आणि 'अनकॅनी' म्हणजे ज्याच्या वाटेला जाणे बरे नव्हे असा. त्याच्या मुळाशी 'जाणणे' या अर्थाचा जो धातू आहे तोच आपल्या 'ज्ञा'मध्ये आहे. 'ईरी' हाही उत्तरेकडचा, आणि त्याचा आधीचा अर्थ 'भित्रा' असा होता. भिणाऱ्या माणसाचे विशेषण भिववणाऱ्या जागेला लागले. 'एल्ड्रिच' (अमानवी, भुताटकीचा) हा चौथा शब्दही स्कॉट्सच. मनाला खटकणाऱ्या अनोळखीपणासाठी इंग्रजीने वापरलेले इतके शब्द एकाच शेजाऱ्याकडून यावेत, याचे कारण स्कॉटिश लोकांना भुते अधिक दिसत होती असे नसून, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथली लोकगीते संग्रहित होऊन लंडनच्या वाचकांपर्यंत पोहोचली, हे आहे असे मला वाटते. पर्सी यांचा 1765 चा संग्रह, बर्न्स यांच्या कविता, वॉल्टर स्कॉट यांचा सरहद्दीवरच्या पोवाड्यांचा 1802-03 मधला संग्रह, यांतून हे शब्द वाचकाला अर्धवट कळलेल्या स्थितीत मिळाले. नीट न कळणाऱ्या शब्दाला गूढाचा वास आपोआपच येतो. फ्रॉईड यांचा 1919 चा प्रसिद्ध निबंध ज्या 'उनहाइमलिश' या जर्मन शब्दावर आहे, त्याची कुळकथा मात्र अगदी वेगळी आहे. त्याच्या पोटात 'घर' आहे आणि तो निबंध इंग्रजीत 'अनकॅनी' या नावाने गेला, यापलीकडे इथे त्याचा संबंध नाही.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. जुन्या इंग्रजीतल्या 'व्युर्द'साठी 'दैव' किंवा 'विधी' चालतो. 'नियती' मला जरा जास्त तात्त्विक वाटतो. मॅकबेथमधल्या तिघींसाठी 'तीन चेटकिणी' लिहिणे सोपे आहे, रंगसूचनांत ते चुकीचेही नाही, पण संवादात तेच लिहिले की मॅकबेथ आपल्या भविष्याशी बोलतो आहे ही जाणीवच जाते. तिथे 'विधात्या बहिणी' असे काहीतरी घडवावे लागते. आधुनिक 'विअर्ड'ला मात्र एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट धरू नये. माणूस असेल तर तऱ्हेवाईक, विक्षिप्त किंवा चमत्कारिक (हा शब्दही आश्चर्याकडून विचित्राकडे गेलेलाच आहे). योगायोग असेल तर विलक्षण. रिकाम्या वाड्यातली शांतता असेल तर 'भयाण', अर्थात तिथे इंग्रजीतही बहुधा 'ईरी'च असते. आणि 'विअर्ड वाटतंय' असे जेव्हा कोणी म्हणते, कारण सांगता येत नाही पण काहीतरी जागच्या जागी नाही अशी जाणीव होते, तेव्हा मराठीत विशेषण लागतच नाही. 'कसंतरीच वाटतंय' हे बोलीतले वाक्य त्यासाठी पुरेसे आहे आणि भाषांतरात मी तेच वापरतो.